दगडाची तहान

ज्याचा हात किंवा पाय कधी मोडला असेल, त्याला हे आठवत असेल. पक्कं प्लास्टर घालताना डॉक्टर पट्ट्या पाण्यात बुडवतात, थोड्या पिळतात आणि हाताभोवती गुंडाळत जातात. पहिला स्पर्श गार असतो. पाच-दहा मिनिटांनी मात्र आतून ऊब येऊ लागते. आपण म्हणतो, प्लास्टर वाळतंय. पण ओली वस्तू वाळते तेव्हा गार होते. माठातलं पाणी त्याच नियमाने गार होतं, आणि अंगावरचा घाम वाऱ्याने वाळला की बरं वाटतं तेही त्यामुळेच. मग हे एकच वाळणं गरम का?

कारण ते वाळणं नाहीच. पट्टीतली पांढरी भुकटी पाणी टाकत नसते, पीत असते. भट्टीत तिच्याकडून हिरावलेलं पाणी तिला परत मिळतं आणि ती पुन्हा दगड होते. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीच्या समीकरणात मावतं. माणसाने मात्र हा दगड हजारो वर्षं भाजला, कुटला, कालवला. गिझाच्या पिरॅमिडच्या शिळांमधल्या सांधी त्याने भरल्या, घरं लिंपली, आणि तरी आत काय घडतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते पहिल्यांदा तराजूत घालून दाखवलं पॅरिसमधल्या २१ वर्षांच्या एका तरुणाने, १७६५ साली. त्याची, त्याच्या आधीच्या खाणींची आणि नंतरच्या दवाखान्यांची ही हकिगत आहे. ती शेवटी आपल्या पेणच्या कारखान्यांपर्यंत येते, आणि ती कशी येते हे सांगावं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

पॅरिसच्या उत्तरेला मोंमार्त्र नावाची टेकडी आहे. आज तिथे माथ्यावरचं पांढरंशुभ्र सेक्रे-कर चर्च पाहायला जगभरचे लोक चढतात. त्या चर्चच्या पायाखाली टेकडी पोखरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात बांधकाम सुरू झालं तेव्हा वरची जमीन भार पेलणार नाही हे दिसलं, आणि सुमारे ३३ मीटर खोल अशा ८३ विहिरी खणून, त्या दगडी बांधकामाने भरून, त्यांच्यावर पाया घ्यावा लागला. खालचं सगळं शतकानुशतकं खणून नेलं होतं. नेलं होतं ते जिप्सम.

सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ खाड्या होत्या. समुद्राचं पाणी आत यायचं, उन्हाने आटायचं, पुन्हा यायचं. आपल्या मिठागरात जे घडतं तेच, फक्त फार मोठ्या पसाऱ्यावर आणि फार मोठ्या काळात. पाणी आटताना मिठाच्या आधी एक वेगळा क्षार तळाशी बसतो. त्यात कॅल्शियमचे धनभारित आयन असतात आणि सल्फेटचे ऋणभारित. दोघांवर दोन-दोन भार, म्हणून ते एकास एक जोडीने येतात. पण ते एकटे येत नाहीत. प्रत्येक जोडीमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकाच्या रचनेतच आपली जागा धरून बसतात. कॅल्शियम आणि सल्फेटचा थर, मग पाण्याचा थर, पुन्हा कॅल्शियम आणि सल्फेटचा थर, अशी ती मांडणी असते. पाण्याच्या या पातळ थरांमुळेच जिप्समचे पापुद्रे सुटतात आणि नखाने त्यावर ओरखडा उठतो. हातात घेतलेला जिप्समचा खडा पूर्ण कोरडा लागतो, कागदावर ठेवला तर कागद ओला होत नाही, आणि तरी त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असतं. नेमकं सांगायचं तर शंभरात जवळजवळ २१ भाग.

याला आपण स्फटिकजल म्हणतो. पाणी धरून असलेला क्षार तो सजल, आणि ते काढून घेतलेला तो निर्जल. हे शब्द परिभाषेतले आहेत, पण ही घडामोड आपल्या स्वयंपाकघराला फार आधीपासून माहीत आहे. तुरटीचा खडा तव्यावर टाकला की तो वितळतो, खदखदतो आणि फुगून पांढरा, हलका, ठिसूळ होतो. त्याला आजीबाई तुरटीची लाही म्हणत आल्या. ज्वारीचा दाणा जसा आतल्या ओलाव्याच्या वाफेने फुटतो तशीच ही तुरटी आपल्या स्फटिकजलाच्या वाफेने फुगते. मला हा शब्द फार आवडतो. ज्या बाईने पहिल्यांदा त्याला लाही म्हटलं तिने रसायनशास्त्राचं एकही पुस्तक न पाहता नेमकी तुलना केली होती. मोरचुदाचंही तसंच आहे. निळा खडा परीक्षानळीत तापवा, नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते. थेंबभर पाणी टाका, निळा रंग परत येतो. हा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही.

मोंमार्त्रच्या दगडाकडे परत येतो. खाणीशेजारीच भट्ट्या होत्या. तिथे तो लाकडांच्या आचेवर भाजायचा, मग कुटायचा आणि गाड्या भरून टेकडीखाली शहरात न्यायच्या. गाड्यांतून सांडणाऱ्या भुकटीने ज्या चौकाची फरसबंदी पांढरी व्हायची, त्याचं नावच 'ब्लांश', म्हणजे पांढरा, असं पडलं. ते आजही आहे, भुयारी रेल्वेच्या स्थानकालाही. आणि ज्या भुकटीला सगळं जग प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणतं, तिच्या नावातलं शहर आलं ते या गाड्यांमुळे.

पॅरिसने हा दगड इतका वापरला याला एक दूरचं कारणही आहे. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला आग लागली. चार दिवसांत १३ हजारांवर घरं गेली. पॅरिसचीही घरं लाकडी सांगाड्याचीच होती. पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, चौदाव्या लुईच्या राज्यात हुकूम निघाला की घरांचं लाकूड आतून-बाहेरून प्लास्टरने लिंपून घ्यावं. हुकूम काढणाऱ्यांना अनुभव होता, कारण ठाऊक नव्हतं. भिंतीवरचं प्लास्टर म्हणजे पुन्हा जिप्समच झालेलं असतं, पोटात पाचवा हिस्सा पाणी घेऊन. आगीची धग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन सुटू लागतं, आणि बरीचशी उष्णता त्या कामात खर्ची पडते. जोवर पाणी संपत नाही तोवर थराच्या पलीकडचं लाकूड पाणी उकळण्याच्या तापमानाच्या फार वर जात नाही. तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडतात. आजच्या कचेऱ्यांत छताला आणि भिंतींना लावलेले जिप्समचे बोर्ड हेच काम करतात. एका परीने प्रत्येक भिंतीत पाण्याची टाकी बसवलेली असते आणि ती गळत नाही.

आता त्या तरुणाविषयी.

आंत्वान लाव्हॉझिए हा वकिलाचा मुलगा. जन्म २६ ऑगस्ट १७४३, पॅरिस. आई लहानपणीच गेली. घरची रीत म्हणून तो कायदा शिकला आणि १७६४ मध्ये वकिलीची सनदही मिळवली, पण मन दुसरीकडे होतं. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याँ-एत्येन गेतार यांच्याबरोबर तो दगड आणि माती पाहत हिंडायचा. आणि राजाच्या वनस्पती-उद्यानात गिय्योम-फ्रांस्वा रुएल यांची रसायनाची व्याख्यानं ऐकायचा. रुएल हे पेशाने औषध बनवणारे. व्याख्यानाला उभे राहायचे ते टोप, झगा अशा साग्रसंगीत पोशाखात. बोलता बोलता तापायचे, आधी डोक्यावरचा टोप काढून ठेवायचे, मग अंगातला कोट, आणि शेवटी बाह्या सरसावून प्रयोगाला भिडायचे. सारं पॅरिस ते ऐकायला लोटायचं. याच रुएलनी १७४४ मध्ये क्षारांवरच्या निबंधात स्फटिकांमध्ये अडकलेल्या पाण्याचा विचार मांडला होता. क्षाराच्या अंगावरची नुसती ओल वेगळी आणि स्फटिकाच्या घडणीत भाग घेणारं पाणी वेगळं, हा भेद त्यांनी केला. लाव्हॉझिएच्या कानावर हा विचार गुरूच्या तोंडून पडला होता.

जिप्सम कशाचं बनलंय हे तोवर कळलेलं होतं. मार्ग्राफ यांच्यासारख्या जर्मन रसायनतज्ज्ञांनी त्यात चुना आणि गंधकाम्ल असल्याचं दाखवलं होतं. प्रश्न राहिला होता तो गवंड्याचा: भाजलेली भुकटी पाण्यात कालवली की दगड का होते? नुसता कुटलेला, न भाजलेला जिप्सम कालवला तर चिखल होतो आणि वाळून सुटा पडतो. भाजलेला मात्र पाऊण तासात कठीण. आणि फार भाजला तर पुन्हा बिघडतो, धरतच नाही. या तिन्ही गोष्टी पॅरिसचा प्रत्येक कारागीर जाणत होता. उत्तरं म्हणून अग्नीचे कण, आतला क्षोभ असल्या कल्पना चालायच्या.

लाव्हॉझिएने काय केलं ते सांगायला सोपं आहे. त्याने जिप्सम बंद भांड्यात तापवला, निघणारी वाफ वाया जाऊ न देता थंड करून धरली आणि वजन केलं. जमलेला द्रव म्हणजे निव्वळ पाणी निघालं. दगडाचं वजन जेवढं घटलं त्याचा हिशोब या पाण्यात लागला. मग उरलेली भुकटी पाण्यात कालवली. तिने पाणी अधाशासारखं ओढून घेतलं आणि घट्ट झाली. घट्ट झालेलं तपासलं तर ते पुन्हा जिप्सम. म्हणजे भट्टीतून नवं काही आत आलं नव्हतं. गेलं होतं ते पाणी, आणि परत आलं तेही पाणीच. कालवल्यावर घट्ट होणं म्हणजे घाईघाईत झालेलं स्फटिकीकरण, असं त्याने म्हटलं. १७६५ च्या फेब्रुवारीत लूव्र राजवाड्यातल्या विज्ञान अकादमीपुढे त्याने हा निबंध वाचला. तो अकादमीचा सदस्य नव्हता, बाहेरचा म्हणून वाचत होता. हा त्याचा पहिला शास्त्रीय निबंध. पुढच्या वर्षी जिप्समवरच दुसरा आला. पहिला छापून निघाला १७६८ मध्ये, आणि त्याच वर्षी अकादमीने त्याला आत घेतलं.

या निबंधाची थोरवी मला वाटते ती अशी. त्या काळी पाणी हे मूलद्रव्य समजलं जात होतं. ते दोन वायूंचं बनलेलं आहे हे कळायला अजून १८ वर्षं होती, आणि ते ठासून सांगणाराही १७८३ मध्ये हाच माणूस असणार होता. म्हणजे १७६५ साली पाणी काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. कॅल्शियम हा धातू कुणी पाहिला नव्हता, तो १८०८ मध्ये वेगळा झाला. आयन ही कल्पना तर अजून कितीतरी दूर होती. तरीही त्याचं उत्तर बरोबर आलं, कारण त्याने आधी काय गेलं आणि नंतर काय आलं एवढंच विचारलं आणि तराजूचं ऐकलं. लोक त्याला आठवतात ते प्राणवायूसाठी. माझ्या मते त्याची पद्धत या पांढऱ्या दगडावरच तयार झाली. थोड्याच वर्षांनी, १७६८-६९ मध्ये, पाणी उकळत राहिलं तर त्याची माती होते हा जुना समज तपासायला त्याने काचेच्या बंद पात्रात १०१ दिवस पाणी उकळत ठेवलं. शेवटी तळाशी माती दिसली खरी, पण पात्राचं वजन तेवढंच घटलं होतं. माती पाण्यातून आली नव्हती, काचेतून आली होती. रीत तीच: तोला, बंद करा, तापवा, पुन्हा तोला.

८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. राजासाठी कर गोळा करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळीत त्याचा वाटा होता, आणि क्रांतीने त्यांच्यातल्या अनेकांचा हिशोब एकाच दिवशी चुकता केला. तो ५० वर्षांचा होता.

त्याच्यामागे एक प्रश्न लोंबकळत राहिला होता, फार भाजलेला जिप्सम का बिघडतो हा. त्याचं उत्तर यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. आँरी ल शातेलिए हे खाणखात्याचे अभियंते, पॅरिसच्या खाणविद्यालयात शिकवणारे. रासायनिक समतोलाच्या नियमामुळे महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचं नाव माहीत असतं. १८८० च्या दशकात त्यांनी जिप्सम सावकाश तापवत त्याचं तापमान टिपत नेलं. आच सारखी चालू असूनही तापमान दोन ठिकाणी अडखळलं, एकदा सुमारे १२८ अंशांवर आणि पुन्हा सुमारे १६३ अंशांवर. म्हणजे पाणी दोन टप्प्यांत जात होतं. पहिल्या टप्प्यात चारपैकी तीन भाग जातात आणि चौथा राहतो. दोन जोड्यांमागे पाण्याचा एक रेणू, जोडीमागे अर्धा. हे अर्धजल म्हणजेच आपलं प्लास्टर ऑफ पॅरिस. शंभर किलो जिप्सममधून ते सुमारे ८४ किलो मिळतं. आच वाढवली की उरलेलं पाणीही जातं आणि निर्जल क्षार मागे राहतो. फार तापवलेला निर्जल क्षार इतका घट्ट मिटतो की पाणी त्याच्यात शिरायला दिवसच्या दिवस लागतात. गवंडी ज्याला जळलेलं प्लास्टर म्हणून फेकून देत होता ते हे.

ल शातेलिएंनी घट्ट होण्याचीही रीत उलगडली. जिप्सम पाण्यात फारच थोडं विरघळतं, लिटरमागे जेमतेम २ ग्रॅम. अर्धजल त्याच्या तिपटी-चौपटीने विरघळतं. भुकटी कालवली की ती विरघळू लागते, पण विरघळलेले आयन जिप्समच्या मापाने फार जास्त होतात, म्हणून लगेच जिप्समच्या रूपाने बाहेर पडतात. ते पडतात सुयांसारखे, एकमेकांत घुसून, गुंतून. दर्भाची पेंढी दाबून बसवावी तसा हा गुंता होतो आणि त्यातून कणखरपणा येतो. स्फटिक बनताना उष्णता सुटते. प्लास्टरमधली ऊब ती हीच.

ही ऊब माणसाच्या अंगाला लागली ती मात्र ल शातेलिएंच्या आधी. मोडलेल्या हाडाला आधार हवा हे सगळ्या वैद्यकांना माहीत होतं. आपल्याकडचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बसऱ्याच्या बाजूची एक रीत युरोपात कळली. तिथे मोडलेल्या पायाभोवती प्लास्टर ओतून तो साच्यात बसवत. पाय त्यात पक्का राहायचा, पण ते ओझं घेऊन माणसाला खाटेवरून हलता येत नसे. बेल्जियममध्ये सेतां यांनी १८३० च्या दशकात खळीच्या पट्ट्या आणल्या. त्या हलक्या होत्या, पण खळ खरोखरच वाळावी लागते. दोन-तीन दिवस ती ओली राहायची आणि तेवढ्यात हाड सरकायचं.

हॉलंडमध्ये हारलेम गावी लष्करी दवाखान्यात आंतोनियस माथेसेन नावाचे शल्यवैद्य होते. १८५१ मध्ये त्यांनी जाड्याभरड्या सुती कापडाच्या पट्ट्यांवर कोरडं प्लास्टर चोळून बसवलं. पट्टी गुंडाळून ठेवायची, लागेल तेव्हा भिजवायची आणि बांधायची. मिनिटांत काम. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर छोटी पुस्तिका काढली. युद्धात जखमी झालेल्या शिपायाला गाडीत घालून मैलोन्‌मैल न्यायचं असतं, ही त्यांची नड होती, आणि ही पट्टी नेमकी तिथे बसली. वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, पावसाळी हवा असली तरी चालतं, कारण हिला पाणी द्यायचं असतं, घालवायचं नसतं. आजही दवाखान्यात जी पट्टी येते ती मुळात माथेसेन यांचीच आहे.

जवळजवळ त्याच सुमारास रशियात निकोलाय पिरोगोव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड क्षणात कडक होताना त्यांनी पाहिलं आणि ते थेट रुग्णांकडे नेलं. क्रिमियाच्या युद्धात, सेवास्तोपोलच्या वेढ्यात, त्यांनी हे शेकडो जखमींवर वापरलं. त्याआधी तोफेच्या मारात हाड चुरडलं की हात किंवा पाय कापून टाकणं हाच सरधोपट उपाय होता. प्लास्टरमुळे कित्येकांचे वाचले. भिंतीला आगीपासून वाचवणाऱ्या दगडाने आता माणसाचं अंग वाचवलं.

हीच तहान उलटली तर काय होतं हे जर्मनीतल्या स्टाउफेन या टुमदार गावाने पाहिलं. निसर्गात जिप्समचं निर्जल भावंडही सापडतं. खोल जमिनीत, दाबाखाली, त्याचं पाणी निघून गेलेलं असतं. त्याला अनहायड्राइट म्हणतात, आणि नावाचा अर्थच बिनपाण्याचा असा आहे. स्टाउफेनच्या जुन्या नगरगृहाला जमिनीतल्या उष्णतेवर ऊब द्यायची म्हणून २००७ मध्ये १४० मीटर खोल अशी सात भोकं पाडली. भोकं अनहायड्राइटच्या थरातून गेली आणि भूजलाला वर चढायला वाट मिळाली. थर पाणी पिऊ लागला. निर्जल क्षाराचं जिप्सम होताना आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. जमीन फुगू लागली, काही ठिकाणी महिन्याला एक सेंटिमीटरपर्यंत. पुढच्या काही वर्षांत अडीचशेवर इमारतींना तडे गेले, त्यात शतकांपूर्वीची घरं होती. हेतू चांगला होता, पण जमिनीखाली कोणता क्षार किती पाण्याला टेकला आहे हे पुरतं पाहिलं गेलं नाही.

आता आपल्या दारातली गोष्ट. रायगड जिल्ह्यातलं पेण, आणि त्याच तालुक्यातलं हमरापूर, जोहे ही गावं गणपतीच्या मूर्तींसाठी देशोदेशी माहीत आहेत. पूर्वी हे काम शाडूचं होतं. मग राजस्थानातून, मुख्यतः बिकानेरकडच्या भट्ट्यांतून, पीओपीच्या, म्हणजे याच प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, गोणी येऊ लागल्या. साच्यात काथ्या घालून पीओपी ओतलं की थोड्याच वेळात मूर्ती सुटते. ती पोकळ आणि हलकी असते, दूरच्या प्रवासात फुटत नाही. पण मला सगळ्यात मोठं कारण वेगळंच वाटतं. मूर्तीच्या कामाची खरी घाई असते ती ज्येष्ठ-आषाढात, आणि कोकणातल्या त्या पावसात शाडू वाळता वाळत नाही. कारागीर मूर्तीजवळ शेगड्या आणि दिवे लावून बसतो. पीओपीला पावसाची पर्वा नाही, कारण त्याला वाळायचंच नसतं. माथेसेन यांच्या शिपायाला जे कामी आलं तेच पेणच्या मूर्तिकारालाही आलं. या माणसांना दोष देण्याआधी त्यांच्या हवेचा विचार करायला हवा.

विसर्जनात मात्र हिशोब उलटतो. शाडूची मूर्ती नुसती वाळलेली असते. कणांमधलं पाणी उडून गेलेलं असतं, ते परत मिळालं की माती सुटी होते आणि तासाभरात मूर्ती तळाशी बसते. पीओपीची मूर्ती पाणी पिऊन तृप्त झालेला दगड असतो. तिला आणखी पाणी नको असतं. लिटरमागे २ ग्रॅमचा हिशोब लावला तर पाच किलोची मूर्ती विरघळायला अडीच हजार लिटर पाणी लागेल, तेही सतत ढवळलं तर. म्हणून अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ते अवशेष दिसतात आणि पाहवत नाहीत. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. बराच काळ वाद चालला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मूर्ती घडवण्याची वाट मोकळी झाली, पण नैसर्गिक पाण्यात त्या सोडण्यावर निर्बंध राहिले.

यावर एक उपाय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिला आहे, आणि तो लाव्हॉझिएला नक्की पटला असता. बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचं आणि मूर्ती त्यात बुडवायची. जोड्या बदलतात. कॅल्शियम कार्बोनेटला जाऊन मिळतं आणि खडूसारखा गाळ होऊन खाली बसतं. सल्फेट अमोनियमबरोबर पाण्यात राहतं. हे अमोनियम सल्फेट म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीचं खत. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे मूर्तीच्या वजनाएवढी पूड घेतली की पुरते. बादली उघड्यावर, गॅलरीत किंवा अंगणात ठेवावी, कारण अमोनियाचा वास येतो. दिवसातून तीन-चार वेळा काठीने ढवळावं. दोन-तीन दिवसांत मूर्ती राहत नाही. वरचं पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं.

पुणे महानगरपालिकेने ही पूड गणेशोत्सवात नागरिकांना वाटलेली आहे. यंदा तुमच्या घरी पीओपीची मूर्ती येणार असेल, तर ती नदीवर नेण्याआधी आपल्या भागातल्या पालिका कार्यालयात या पुडीची चौकशी जरूर करा.